लुगडं लांब झालं

"पोरी, हे लुगडं लांब झालं का वं?"

मावशीनं मला हे विचारलं त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. वरवट बकालच्या तिच्या घरात लक्ष्मीपूजनाची गडबड चालली होती. नव्या लुगड्याचा काठ जमिनीवर लोळत होता. तिनं कमरेला आणखी एक दुमड घेऊन खोचली आणि पुन्हा खाली पाहिलं, तर काठ घोट्याच्या खालीच. "आजकाल पन्हाच मोठा येतो," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. मावशी मात्र हसली नाही. आत जाऊन तिनं पेटीतलं आठ-दहा वर्षांपूर्वीचं लुगडं काढलं, नेसली आणि दारात येऊन उभी राहिली. "पाय, जुनंही लांब झालं."

जुनं लुगडं लांब होत नसतं, नेसणारी लहान होत असते. त्या दिवशी माझ्या हे लक्षात आलं नाही. फळीवरचा हळदीचा डबा काढायला ती आता पाट घेते, पूर्वी हात वर केला की पोचायचा, हेही मला पुढच्या वर्षी आठवलं. तेव्हा ती न्हाणीत पाय घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. त्या वेळी काढलेल्या एक्स-रेत पाठीचे दोन मणके चपटे झालेले दिसले. जुने, केव्हातरी दबलेले. डॉक्टरांनी विचारलं, "आधी पाठीत कधी जोराची कळ आली होती का?" आली होती. पाण्याचा गुंड उचलताना कटकन काहीतरी झालं आणि ती पंधरा दिवस पडून होती. सगळ्यांनी उसण भरली म्हटलं. शेजारणीनं तेल लावून चोळून दिलं आणि मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आल्या.

त्याच्याही आधी, सहा वर्षांपूर्वी, उंबरठ्याला अडखळून तिचं मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, विषय संपला. उभ्या उंचीवरून नुसतं पडून साठीतल्या बाईचं मनगट का मोडावं, हे कुणी विचारलं नाही. ज्यांनी प्लास्टर घातलं त्यांनीही नाही, आणि घरातल्या आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनीही नाही. मनगट, मग मणका, मग खुबा. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं आतून विरळ होण्याचा आजार, पुष्कळ बायांच्या अंगात याच वाटेनं चालतो आणि प्रत्येक टप्प्यावर दार वाजवतो. आमच्या घरी तो तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळेला आम्ही दार उघडलं.

वरवट बकाल हे बुलडाणा जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं गाव. जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांच्या बोलण्यात असतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. हे गाव घाटाखालचं. जिल्ह्याचं ठाणं वर घाटावर, त्यामुळे माणसाला काही झालं की पावलं बुलडाण्याकडे वळण्याआधी शेगाव, खामगाव, अकोल्याकडे वळतात. उत्तरेला सातपुडा दिसतो, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. कापूस, सोयाबीन, तूर, पायथ्याकडे संत्र्याच्या बागा. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. निंदण आणि वेचणी ही बायांचीच कामं. कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर घरातल्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात, कमरेला ओटी बांधतात आणि दिवसभर वाकतात. मजुरी किलोवर मिळते, म्हणून पाठ सरळ करायला थांबलं की पैसे कमी होतात.

जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन २० ऑक्टोबरला असतो. शहरात त्या दिवशी शिबिरं होतात, भाषणं होतात. इथे त्या दिवसांत सोयाबीन निघत असतं आणि कापसाचा पहिला वेचा सुरू झालेला असतो. ज्या बायांशी बोलायचं त्या शेतात असतात.

आणि त्यांच्याशी बोलायचं तर कोणत्या शब्दात? ग्रंथात 'अस्थिसुषिरता' असा शब्द आहे. सुषिर म्हणजे पोकळ, भोकांचं. बासरीला आपण सुषिर वाद्य म्हणतो तेच. शब्द अचूक आहे, पण कुणाच्या तोंडी नाही. तोंडी आहे तो 'झीज'. गुडघ्यांची झीज झाली म्हणतात, हाडांची झीज झाली म्हणतात, आणि दोन्हीला एकच तेल, एकच गोळी. खरं तर हे दोन वेगळे आजार आहेत. गुडघ्यात झिजते ती सांध्यातली गादी. ती प्रत्येक पावलाला दुखते, चढता-उतरता आठवण करून देते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडच आतून विरळ होत जातं आणि ते अजिबात दुखत नाही. हाड मोडेपर्यंत काहीच कळत नाही. मणक्याचे तर दोन-तृतीयांश फ्रॅक्चर डॉक्टरांपर्यंत पोचतही नाहीत, उसण म्हणून, वात म्हणून निघून जातात. जिचे गुडघे दुखतात ती स्वतःला हाडांची रुग्ण समजते. जिचं काहीच दुखत नाही ती म्हणते, मले काय झालं? या एका शब्दाच्या घोटाळ्यानं जेवढं नुकसान केलं, तेवढं अज्ञानानंही केलं नसेल, असं मला वाटतं.

दुसरी एक समजूत याहून खोल आहे, आणि ती मला मावशीच्याच तोंडून कितीदा ऐकायला मिळाली. "आमी कामाच्या बाया. आमची हाडं लोखंडाची. हे आजार बसून खानाऱ्या बायांचे." या बोलण्यात अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. हाडावर भार पडला की हाड घट्ट होतं, हे शास्त्रही सांगतं. अर्धं सत्य असल्यामुळेच ती समजूत मोडत नाही. उरलेलं अर्धं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं. कमी उत्पन्न गटातल्या, ३० ते ६० वयाच्या २८९ स्त्रियांची हाडं त्यांनी मोजली. मांडीच्या हाडाच्या मानेपाशी २९ टक्के स्त्रियांना ऑस्टिओपोरोसिस आणि आणखी ५२ टक्के जणींची हाडं त्या वाटेवर. राबण्यानं या हाडांचं रक्षण झालेलं नव्हतं. त्यांच्या रोजच्या जेवणातून मिळणारं कॅल्शियम सरासरी २७० मिलिग्रॅम होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० मध्ये ठरवलेली गरज मोठ्या माणसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम आहे. भार हाडाला घट्ट हो म्हणून सांगतो, पण घट्ट व्हायला लागणारा माल ताटात नसेल तर हाड काय करणार?

पाळी गेली की आमच्याकडच्या बाया म्हणतात, "सुटली एकदाची." खरंच सुटका असते ती. बाजूला बसणं नाही, कपडे धुणं नाही, देवाधर्माला आडकाठी नाही. मावशीची पाळी ४४ व्या वर्षी गेली आणि तिनं नारळ फोडला होता. भारतीय स्त्रीची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षं आधी. हाड ही जिवंत वस्तू आहे. त्यात जुनं काढणाऱ्या आणि नवं रचणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करतात, आणि काढणाऱ्यांना आवर घालतं ते स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन. ते आटलं की काढणं वाढतं, रचणं मागे पडतं. पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींचं हाड वीस टक्क्यांपर्यंत कमी होतं. सुटकेच्या आनंदाची वर्षं हीच असतात.

ज्यांची पिशवी काढली त्यांचं तर आणखी अवघड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं गरज नसताना काढली जात असल्याचा प्रश्न गाजला. विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं असेल तर तिशी-पस्तिशीतच इस्ट्रोजेन संपतं. त्या बातम्या वाचताना आपण फसवणूक पाहिली, पैसा पाहिला. या बाया पन्नाशीला येतील तेव्हा त्यांच्या हाडांचं वय काय असेल, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी मांडला नाही.

तो न मांडला जाण्याचं एक कारण मोजणीतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हा आपला सगळ्यात मोठा आरोग्याचा आरसा. त्यातली स्त्रियांची प्रश्नावली १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांसाठी असते. मूल होण्याचं वय संपलं की प्रश्न संपतात. ज्या वर्षी हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात, जवळजवळ त्याच वर्षी बाई मोजणीबाहेर जाते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांच्या घरोघरी तपासणीत रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो. हाडं येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड या गावांतल्या लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा दिल्लीपर्यंतची पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले. ते योग्यच झालं. हाडांचं मात्र असं होत नाही, कारण ती एका आठवड्यात, एका गावात, सगळ्यांची मिळून मोडत नाहीत. एकेका न्हाणीत, एकेक बाई पडते.

आता या पट्ट्याची खास गोष्ट. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून सुमारे ९०० गावं येतात. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतली बरीच गावं त्यात आहेत. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. किडनीच्या आजारानं गेलेली माणसं इथे गावोगाव सांगतात. वान धरणातून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती याच दुखण्यावर. किडनीचा हाडांशी काय संबंध, असं विचारलं तर आमच्याकडे कुणी सांगणार नाही, पण संबंध थेट आहे. उन्हानं कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते, यकृतात ते पुढे सरकतं आणि शेवटी किडनीत ते कामाचं होतं. किडनी थकली की ऊन कितीही असो, ड जीवनसत्त्व कामाला येत नाही, कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि शरीर ते हाडांतून ओढून घेऊ लागतं.

म्हणून पाठदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची मला इथे जास्त भीती वाटते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर किडनीला इजा होते. मणका दबला म्हणून पाठ दुखते, पाठ दुखते म्हणून गोळी, गोळीनं किडनी, किडनीनं पुन्हा हाड. मावशी हे चक्र चार वर्षं फिरली. आणखी एक वस्तू आहे, सांधेदुखीच्या पुड्या. त्या घेतल्या की दोन दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं देशात अनेकदा पुढे आली आहेत. स्टेरॉइड दुखणं पटकन थांबवतं आणि हाड पटकन पोखरतं. इतक्या झपाट्यानं बरं वाटलं तर त्या पुडीत काय आहे हे विचारायलाच हवं.

मुतखड्याचंही तसंच. खाऱ्या पाण्याच्या भागात मुतखडा घरोघरी, आणि मुतखडा झाला की दूध बंद, तीळ बंद, हा सल्ला तयार. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९३ मध्ये ४५ हजारांवर पुरुषांच्या आणि १९९७ मध्ये ९० हजारांवर स्त्रियांच्या पाहणीतून दाखवलं की जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखडे कमी होतात, कारण ते कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. स्त्रियांमध्ये गोळीतून घेतलेल्या कॅल्शियमनं मात्र धोका थोडा वाढलेला दिसला. तेव्हा गोळी डॉक्टरला विचारून, पण दूध-दही-ताक कुणाच्या तरी सांगण्यावरून तोडू नये. किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र दोन्ही विचारूनच.

जेवणाचं बोलायचं तर ताटाआधी घरातला क्रम बोलावा लागतो. म्हैस घरी असली तरी दूध डेअरीत जातं, मग पोरांना, मग चहाला. बाईच्या वाट्याला चहातलं दूध. ती जेवते सगळ्यांच्या शेवटी, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस उपासानं निघून जातात. शेगावच्या महाराजांचा गुरुवार, एकादशी, चतुर्थी. श्रद्धेवर माझं काहीच म्हणणं नाही. साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकर आणि वाटीभर दही घेतलं तर उपासही राहतो आणि हाडालाही काही मिळतं. ज्वारी आपली आवडती, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ३० मिलिग्रॅमही नाही. नाचणीत साडेतीनशेच्या वर, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या घरात, मेथीत अडीचशेच्या पुढे, तिळात हजाराच्याही पुढे. म्हणजे रोज दोन चमचे तिळाची चटणी भाकरीबरोबर घेतली तर एक पेलाभर दुधाएवढं कॅल्शियम कागदावर तरी पोटात जातं. तिळातलं सगळं शोषलं जात नाही, म्हणून दूध-दही सोडून चालत नाही. शेवगा तर बऱ्याच परसात उभा असतो. शेंगा खातात, पाला शेळी खाते.

पण सगळ्यात जास्त मला हे सांगायचं आहे की धोका ओळखायला शहरातलं यंत्र लागत नाही. निदान पक्कं करायला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागते, हे खरं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली व्याख्या त्याच तपासणीच्या आकड्यावर उभी आहे, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ती तपासणी मोठ्या शहरात. पण कुणाला तिथे पाठवायचं, हे गावातच कळू शकतं. २००१ मध्ये आठ आशियाई देशांतल्या पाळी गेलेल्या स्त्रियांवरून एक साधं गणित निघालं. वजनातून वय वजा करायचं आणि उत्तराला ०.२ नं गुणायचं. उत्तर उणे ४ च्या खाली गेलं तर धोका मोठा. मावशी पडली तेव्हा ६७ वर्षांची होती, वजन ४१ किलो. उत्तर उणे ५.२. किराणा दुकानातला काटाही हे सांगू शकला असता.

दुसरी खूण भिंतीची. टाचा भिंतीला लावून सरळ उभं राहायचं आणि समोर बघायचं. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकायला हवी. टेकत नसेल तर पाठीचा मणका दबलेला असण्याची शंका घ्यायची. उंची तरुणपणापेक्षा दीड इंचाहून जास्त कमी झाली असेल तरी तीच शंका. लुगडं लांब होणं म्हणजे हेच.

घरोघरच्या त्या तपासणीसाठी आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे, उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? म्हणजे सरकारी कागदावर पडण्याची भीती आधीच लिहिलेली आहे. त्याच्याखाली आणखी दोन प्रश्न हवेत. नुसतं पडून कधी हाड मोडलं का? आणि लुगडं, पातळ लांब झालं का? शेजारी वजनाचा आकडा. एवढ्यात गावातल्या धोक्यातल्या बायांची यादी तयार होईल.

उपचार आहे, आणि तो फार महाग नाही. आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. काहींना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची शिरेतून सलाईन. दोन्हींच्या आधी किडनीची तपासणी हवी, किडनी फार कमजोर असेल तर ही औषधं देत नाहीत. या पट्ट्यात तर ती तपासणी कुणी विसरू नये. पडू नये म्हणून न्हाणीतलं शेवाळ खरवडणं, रात्री बाहेर जाताना बॅटरी, भिंतीला धरायला एक दांडा, मोतीबिंदू वेळेत काढणं. मिश्री-तंबाखू सोडणं, कारण तंबाखू हाडही खातो. खुबा मोडल्यावर साधारण पाचातली एक व्यक्ती वर्षभरात जाते. मोडलेलं हाड बसवायला सरकारी योजनेतून मदत मिळते. मोडण्याआधी बघायला कुणी पैसा देत नाही. मला हे रुचत नाही.

मावशी वाचली. वॉकर घेऊन चालते. तिच्या घराला या वर्षी नवा चुना दिला आहे. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ओसरीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या नऊ-दहा रेघा ओढलेल्या दिसल्या, प्रत्येकीपुढे नाव. वेचणीवरून परतणाऱ्या शेजारच्या बायांना ती एकेक करून भिंतीला उभी करत होती. ओट्या अजून कमरेला, केसांत कापसाचे तंतू.

"टाच लाव. समोर पाय. डोस्कं टेकव."

तिची जाऊ उभी राहिली. साठीतली, वाकून वाकून पाठ गोल झालेली. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये मावशीनं हाताची चार बोटं घातली, ती सहज आत गेली. जाऊबाईनं जोर लावून मान मागे नेली, हनुवटी वर गेली, डोकं टेकलं नाही.

"कायले टेकत नाई वं हे?"

मावशीनं पेन्सिल कानामागे खोचली आणि माझ्याकडे वळली. "सोमवारी शेगावले जायचं हाये. इलेबी घेऊन चाल."